आधी बघणारे, मग घोडा

प्रश्न असा होता: लुदोविको आरिओस्तोचं 'ओर्लांदो फुरिओसो' इंग्रजी गद्य अनुवादातून वाचताना काही कडव्यांचा मराठी मसुदा करून पाहिला, तर जिकडेतिकडे 'त्याने पाहिले', 'तिला दिसले', 'सारे आश्चर्याने पाहत राहिले' असंच येत राहतं. मराठीत ते एकसुरी वाटतं. हे शब्द ओळ भरण्यासाठी घातलेले आहेत का, आणि अनुवादात गाळले तर चालतील का?

गाळू नका. मी हे काव्य बावीस वर्षं शिकवते आहे. त्यातले बरेच भाग मराठीत आणले आहेत, आणि सुरुवातीला मीही नेमके हेच शब्द गाळत होते. त्याने काय बिघडतं ते मला माझ्याच मसुद्यांत दिसलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उत्तराला लागेल तेवढी पार्श्वभूमी आधी देते. आरिओस्तो (1474–1533) फेरारा इथल्या एस्ते घराण्याच्या पदरी होता. 'फुरिओसो' पहिल्यांदा 1516 साली 40 सर्गांत छापलं गेलं. आज वाचली जाते ती 1532ची, 46 सर्गांची आवृत्ती. एकूण 38,736 ओळी आहेत. कडवी आठ-आठ ओळींची. पहिल्या सहा ओळींत दोन यमकं आळीपाळीने येतात आणि शेवटच्या दोन ओळी तिसऱ्या यमकाने कडवं बंद करतात. कथा शार्लमेन बादशहाच्या सरदारांची: त्यांच्या लढाया, त्यांची प्रेमं, जादूगार, मंतरलेल्या अंगठ्या, उडते घोडे. ती मुळापासून आरिओस्तोची नाही. मात्तेओ मारिया बोइआर्दोने अर्ध्यावर सोडलेल्या 'ओर्लांदो इन्नामोरातो'च्या पुढे त्याने धागा जोडला. बोइआर्दोकडे शेवटी येईन.

आता चौथ्या सर्गातलं चौथं कडवं घ्या. ब्रादामान्ते ही लढवय्यी स्त्री एका सराईत उतरली आहे. तिसरा सर्ग संपता संपता बाहेर मोठा गलका होतो, आणि कवी तिथेच थांबतो. कशामुळे झाला ते पुढे सांगतो, म्हणतो, आधी गाण्याला जरा विसावा देऊ द्या. ऐकणाऱ्यांच्या कानात नुसता गलका उरतो. पुढच्या सर्गात ब्रादामान्ते आवाजाच्या रोखाने धावत जाते. ते कडवं मी आता असं लिहिते:

'पाहते तर सराईवाला आणि घरचे सगळे लोक,
कुणी खिडकीत, कुणी बाहेर रस्त्यावर,
डोळे नि भुवया आभाळाकडे उचललेल्या,
जणू ग्रहण लागलंय, की धूमकेतू निघालाय.
पाहते ती बाई एक मोठं नवल,
कुणी सांगितलं तर सहज पटू नये असं:
पाहते, भला थोरला पंखांचा घोडा चाललाय
चिलखत घातलेला स्वार हवेतून घेऊन.'

घोडा सातव्या ओळीत आला. त्याआधी कवीने आपल्याला वर बघूच दिलेलं नाही. त्याने माणसं दाखवली, त्यांच्या खिडक्या दाखवल्या, रस्ता दाखवला, त्यांच्या भुवया दाखवल्या. हा माझा पहिला मसुदा नव्हे. पहिल्या मसुद्यात मी 'तेवढ्यात आकाशात एक पंखवाला घोडा उडत आला, आणि लोक आश्चर्याने पाहू लागले' असं लिहून मोकळी झाले होते. माझ्या आत्याला तो वाचून दाखवला. तिचा इटालियनशी काडीचाही संबंध नाही, पण गोष्ट सांगण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. ती म्हणाली, 'अगं, घोडा आधीच सांगून टाकलास. मग लोक वर का बघतायत ह्याचं मला काय अप्रूप?' त्या रात्री मी ते कडवं पुन्हा लिहायला घेतलं.

आत्याने नेमकं बोट ठेवलं होतं. ह्या काव्यांत नवल ही वस्तूची मालमत्ता नाही. नवल घडतं ते बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर. घोड्याला पंख आहेत ही बातमी झाली. सराईवाल्यापासून घरच्या पोरासोरांपर्यंत सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, हे काव्य झालं. मूळ कडव्यात 'व्हेदे', म्हणजे 'पाहते', हा शब्द तीनदा येतो: पहिल्या, पाचव्या आणि सातव्या ओळीत. तुम्हाला एकसुरी वाटलेली पुनरुक्ती ती हीच. पण तिन्ही वेळा पाहण्याची वस्तू वेगळी आहे. पहिल्यांदा ती बघणाऱ्यांना पाहते, दुसऱ्यांदा 'काहीतरी नवल' पाहते, आणि तिसऱ्यांदा घोडा पाहते. नजर पायरी पायरीने वर चढते. यमकं बघा: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीच्या शेवटी 'फामिल्या', 'चिल्या', 'माराव्हिल्या'. घरची माणसं, भुवया, नवल. भुवई आणि नवल ह्यांचं यमक इटालियनमध्ये आयतं जुळतं, आणि आरिओस्तो ते पुन्हा वापरतो. पुढे चंद्रावरच्या प्रसंगात ते भेटेल.

हे फक्त यमकापुरतं नाही. 'माराव्हिल्या' (आजच्या इटालियनमध्ये 'मेराव्हिल्या') हा शब्द लॅटिन 'मिरारी'च्या कुळातला, म्हणजे नवल वाटणे. त्याच 'मिरारी'पासून इटालियन 'मिरारे' आला, आणि त्याचा अर्थ झाला टक लावून पाहणे. स्पॅनिशमध्ये तर 'मिरार' म्हणजे साधं बघणं. फ्रेंचांचा आरसाही, 'मिरवार', त्याच घरचा. ज्या भाषांत बघणं आणि थक्क होणं एकाच मुळाला लागलेलं आहे, त्या भाषेतल्या कवीने 'पाहिले' लिहिलं की त्या शब्दाच्या आत नवल आधीपासून दबा धरून असतं.

आपले शब्द दुसऱ्या वाटांनी आलेत. 'विस्मय'च्या पोटात 'स्मि' धातू आहे, 'स्मित'मधला. म्हणजे आपल्याकडे नवल ओठांवरून सुरू होतं. 'नवल' हा शब्द 'नव'पासून. तिथे नवेपणावर भर. म्हणून 'मेराव्हिल्या'ला मराठीत एकच ठरीव शब्द योजू नका. पण डोळ्याचा संबंध आपल्याला परका आहे असंही नाही. अद्भुत रसाचे अनुभाव सांगताना नाट्यशास्त्रात डोळे विस्फारणं आणि पापणी न लवता बघणं हेच पहिल्याने येतं. आणि रोजच्या मराठीत तर आपल्याजवळ हुकमी वाक्प्रचार आहेत. 'पाहतो तर काय!' म्हटलं की पुढे काय येणार ते माहीत नसतानाही ऐकणारा सरसावून बसतो. 'बघतच राहिला' म्हटलं की थक्क झाला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथे मराठीने 'मिरारे'चं काम स्वतःच्या हिमतीवर केलेलं आहे. तुमच्या मसुद्यात जिथे जिथे 'त्याने आश्चर्याने पाहिले' आहे, तिथे 'आश्चर्याने' काढून क्रियापदालाच काम करायला लावता येतं का ते बघा. दहापैकी सात वेळा येतं.

भरीचा मुद्दा अगदीच निराधार नाही, तेही सांगायला हवं. युरोपातल्या जुन्या वीरगीतांत गायक श्रोत्यांना 'तिथे असतात तर तुम्ही पाहिलं असतं' असं म्हणत युद्धवर्णनाला हात घालतो. जुन्या फ्रेंच गीतांत 'ला व्हेइस्सिए' हा ठरलेला साचा आहे. स्पॅनिश 'सीद'च्या काव्यात 'किती भाले खाली-वर होताना तुम्ही पाहिले असते' अशी ओळ येते. तोंडी गाणाऱ्याला अशा तयार ओळी लागतातच. आरिओस्तोकडेही 'पाहिलं असतं तुम्ही' आहे. तो वारसा आहे. पण वारसा मिळाल्यावर त्याने त्याचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. जुना गायक सगळ्यांना एकच रणांगण दाखवत होता. आरिओस्तो विचारायला लागला की कोण बघतंय, कुठून बघतंय, आणि जे दिसतंय ते खरं आहे का.

हा शेवटचा प्रश्न बाराव्या सर्गात पूर्ण उघडा पडतो. आत्लान्ते ह्या जादूगाराने एक राजवाडा उभारला आहे. रानातून जाताना कथानायक ओर्लांदोला किंकाळी ऐकू येते. त्याला जिचा ध्यास आहे त्या आंजेलिकेला एक स्वार पळवून नेताना त्याला दिसतो. पण कवी लगेच शब्द आखडतो: 'ती होती असं मी म्हणत नाही, भासत मात्र होती.' ओर्लांदो मागोमाग राजवाड्यात शिरतो, वर धावतो, खाली धावतो, दालनं पालथी घालतो. ती कुठेच नाही. तिथे इतरही वीर असेच भटकताहेत, कुणी स्वतःची वस्तू शोधतंय, कुणी माणूस. जादू एवढीच की ज्याला ज्याची सर्वांत जास्त आस, त्याला तेच तिथे असल्यासारखं वाटतं. भिंती, कुलपं, पहारे ह्यांची गरजच नाही. त्यांचे डोळेच त्यांना कोंडून ठेवायला पुरेसे आहेत.

इथे इटालियनचं 'पारेरे', म्हणजे भासणे, हे क्रियापद कळीचं आहे, आणि इथेच मराठी अनुवादकाचं भाग्य उघडतं. इटालियन 'व्हेदे' एकटाच दोन कामं करतो: मुद्दाम बघितलं तरी 'व्हेदे', सहज नजरेस पडलं तरी बऱ्याचदा 'व्हेदे'च. मराठीत आपल्याला दर वेळी ठरवावं लागतं: त्याने पाहिलं, की त्याला दिसलं? 'पाहिलं'मध्ये माणूस कर्ता आहे. 'दिसलं'मध्ये वस्तू कर्ता होते आणि माणूस नुसता समोर उभा असतो. आणि तिसरं, 'भासलं'. ह्या तीन क्रियापदांवर आत्लान्तेचा सगळा राजवाडा मराठीत उभा करता येतो. ओर्लांदोला आंजेलिका भासते, तो शोधतो, त्याला दिसत नाही. न्याहाळणं, निरखणं, हेरणं, टक लावणं ही पुढची श्रीमंती झाली. पण आधी ह्या तिघांचा हिशेब चोख ठेवा. मी प्रत्येक कडव्याच्या समासात बारीक अक्षरात 'पा', 'दि' किंवा 'भा' लिहून ठेवते आणि मगच ओळ घडवायला घेते.

आता ज्या कडव्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, ते. पहिला सर्ग, त्रेपन्नावं कडवं.

आंजेलिका पळते आहे. दमून ती गुलाब आणि काटेरी झुडपांच्या जाळीत लपली आहे. साक्रिपान्ते हा सर्कासियाचा राजा तिथेच ओढ्याकाठी येऊन बसतो आणि तिच्याच नावाने रडू लागतो. ती आतून त्याला बघते आहे. त्याला ती दिसत नाही. तिच्या मनात प्रेम नाही. कवी म्हणतो, ती खांबाहून कठीण आणि थंड आहे. पण एकटीने प्रवास करायला सोबत हवी, म्हणून ती ठरवून बाहेर येते. 'काळोख्या, आंधळ्या' झुडपातून ती स्वतःचं सुंदर, अवचित दर्शन घडवते, जशी रंगमंचावर वनातून किंवा सावलीतल्या गुहेतून डायना अवतरावी. झुडपाला आंधळं म्हटलंय ते वाया घालवू नका. आंजेलिकेला आतून सगळं दिसत होतं. आंधळा होता तो बाहेरचा राजा. आणि 'रंगमंच' हा शब्दही शोभेचा नाही. आरिओस्तो स्वतः नाटककार होता, त्याचं 'ला कास्सारिया' 1508 साली फेराराला झालं होतं. पात्र अचानक पुढे आलं की प्रेक्षकांचं काय होतं हे त्याने जवळून पाहिलेलं होतं.

मग हे कडवं येतं. शब्दशः अर्थ असा: कुठल्याही आईने, जिने मुलगा मेला समजून उसासे टाकले, अश्रू ढाळले, कारण त्याच्यावाचून परत आलेल्या पलटणी तिने ऐकल्या होत्या, अशा आईनेही त्या मुलाकडे डोळे उचलले नसतील इतक्या आनंदाने, इतकं थक्क होऊन, जेवढ्या आनंदाने त्या सारासेनाने (म्हणजे मुसलमान योद्ध्याने, साक्रिपान्तेने), जेवढं थक्क होऊन, ती उंच आकृती, ती डौलदार चाल, तो खरोखर देवदूताचा चेहरा, अवचित समोर प्रकटलेला पाहिला.

'गाउदिओ' आणि 'स्तुपोरे', आनंद आणि थक्क होणं, ही जोडी पहिल्या अर्ध्यात आईला लावलेली आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात राजाला. दुसऱ्यांदा येताना ती ओळीच्या टोकावर तुटते: 'जेवढ्या' एका ओळीच्या शेवटी, 'थक्क' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. वाचताना दम अडकतो. 'पाहिलं' हे मुख्य क्रियापद आठव्या ओळीपर्यंत राखून ठेवलंय. आधी ती आकृती, चाल, चेहरा, मग 'अवचित प्रकटणं', आणि सगळ्यात शेवटी डोळा. मराठीचं क्रियापद तसंही वाक्याच्या शेवटी बसतं. इंग्रजी अनुवादकाला इथे जी कसरत करावी लागते, ती आपल्याला करावी लागत नाही. आपली वाक्यरचना इथे आपसूक आरिओस्तोच्या बाजूने उभी राहते. 'स्तुपोरे'ला मी 'थक्क' घेते, 'आश्चर्य' नाही. 'थक्क'मध्ये थांबणं आहे, पाय जागीच राहणं आहे.

पण खरी जागा त्या आईची आहे. आईने ऐकलं होतं. पलटणी परत आल्याचा आवाज तिच्या कानावर पडला, त्यात मुलगा नव्हता. कानाने तिला दुःख दिलं आणि डोळ्याने ते परत घेतलं. आरिओस्तोने हे नवल परीकथेतून आणलं नाही, युद्धाच्या काळातल्या घराच्या उंबऱ्यावरून आणलं. त्याच्या हयातीत इटलीत सैन्यांची ये-जा थांबलेली नव्हती. हे कडवं ऐकताना फेराराच्या दरबारात कुणाला काय आठवलं असेल त्याची कल्पना करा.

आणि एवढी पवित्र उपमा कुणासाठी? साक्रिपान्तेसाठी, जो काही कडव्यांनंतर तिच्या एकटेपणाचा फायदा घ्यायचा विचार करू लागतो. वर्गात ह्यावर दर वर्षी वाद होतो. काहींना वाटतं कवी त्याची टर उडवतोय. मला तसं वाटत नाही. ते थक्क होणं खरं होतं. आईच्या तोलाचं खरं. आणि तेवढं खरं काही पाहूनही माणूस त्याचं काय करतो, ते आरिओस्तो पुढे दाखवतो. तुम्ही अनुवाद करताना त्या उपमेला जराही मिस्कील करू नका. ती पूर्ण गांभीर्याने आली तरच पुढचा घसरता पाय दिसेल.

असाच एक क्षण दहाव्या सर्गात आहे. रुज्जेरो हा वीर पंखवाल्या घोड्यावरून येतो आणि समुद्रातल्या राक्षसी प्राण्यासाठी खडकाला जखडलेली आंजेलिका त्याला दिसते. त्याला वाटलं असतं की ही संगमरवराची मूर्ती आहे, कुणा कसबी शिल्पकाराने खडकावर बसवलेली, जर त्याने गालांवरून ओघळणारा अश्रू आणि वाऱ्यावर उडणारे केस पाहिले नसते. मूर्ती वाटणं हे दुरून बघणं आहे. अश्रू दिसणं हे जवळून बघणं आहे. तिथे 'पाहिला' गाळला, तर उरेल फक्त एक सुंदर बंदिवान बाई. हिला दुखतंय हे त्याला ज्या क्षणी कळलं, तो क्षण नाहीसा होईल.

नवलाची उलटी बाजू तेविसाव्या सर्गात आहे. 46 सर्गांच्या बरोबर मधोमध ओर्लांदो वेडा होतो, आणि तो वेडा होतो वाचून. झाडांवर कोरलेली अक्षरं त्याला दिसतात, आंजेलिका आणि तिचा प्रियकर मेदोरो ही नावं शंभर गाठींनी एकमेकांत गुंफलेली. अक्षर तिचंच, हे तो ओळखतो. मग गुहेत मेदोरोने लिहिलेला मजकूर, अरबीत, जी ओर्लांदोला लॅटिनइतकीच येते. तीनदा, चारदा, सहादा तो दुर्दैवी जीव ते वाचतो, लिहिलंय ते तिथे लिहिलेलं नसावं म्हणून धडपडतो, आणि दर वेळी ते जास्तच स्वच्छ, जास्तच सरळ दिसत जातं. शेवटी डोळे आणि मन त्या दगडावर खिळवून तो उभा राहतो, दगडाहून वेगळा न उरलेला.

इथे थक्क होणं आहे, पण नवल नाही. सराईतल्या लोकांना जे दिसलं ते पटणं कठीण होतं, तरी त्यांचे डोळे उघडेच राहिले. ओर्लांदोला जे दिसतंय त्यावर शंका घ्यायला जागाच नाही, आणि तो डोळ्यांशी भांडतो. 'दिसत जातं' हे मी मुद्दाम 'दि' ठेवलं. तो पाहत नाहीये. त्याला पाहायचं नाहीये. ते त्याला दिसतंय. पुढे एकोणतिसाव्या सर्गात, स्पेनच्या किनाऱ्यावर, वेडा ओर्लांदो आणि आंजेलिका समोरासमोर येतात. तो तिला ओळखत नाही, ती त्याला ओळखत नाही. ज्या चेहऱ्यामागे त्याने अर्धं जग पालथं घातलं, तो समोर आहे आणि डोळ्यात काहीच उमटत नाही. तिथे विशेषणं घालायचा मोह होईल. घालू नका. कोरडं 'ओळखलं नाही' पुरे आहे.

चंद्राचा प्रसंग थोडक्यात. चौतिसाव्या सर्गात आस्तोल्फो हा सरदार ओर्लांदोची हरवलेली शुद्ध आणायला चंद्रावर जातो, आणि तिथे त्याला 'दुप्पट नवल' वाटतं. इथून एवढासा गोल दिसणारा प्रदेश जवळून अफाट आहे, हे एक. आणि तिथून पृथ्वी बघायची तर दोन्ही भुवया आवळून डोळे बारीक करावे लागतात, हे दुसरं. पुन्हा 'माराव्हिल्या', पुन्हा 'चिल्या'. सराईत भुवया वर गेल्या होत्या, इथे त्या खाली येतात. आणि त्याच कडव्यात 'आपण इथून त्याला बघतो' म्हणताना 'मिरारे'च वापरलंय. शंभरेक वर्षांनी, 1610 साली दुर्बिणीतून पाहिलेल्या चंद्राचं वर्णन छापणारा गॅलिलिओ आरिओस्तोचा निस्सीम वाचक होता. हे कडवं त्याने कोणत्या मनाने वाचलं असेल, ह्याचा विचार मला दर वेळी सुखावतो.

तुम्ही तोर्क्वातो तास्सोबद्दलही ओझरतं विचारलं होतं. त्याचं 'जेरुसालेम्मे लिबेराता' हे महाकाव्य 1581 साली छापलं गेलं, आणि त्याची अडचण वेगळी होती. अॅरिस्टॉटलने म्हटलं होतं की महाकाव्यात अद्भुताला नाटकापेक्षा जास्त वाव असतो, कारण करणारा माणूस आपल्याला प्रत्यक्ष दिसत नसतो. तास्सोला अद्भुत हवं होतं आणि ते पटायलाही हवं होतं. म्हणून त्याने ते देव, देवदूत, सैतान आणि मांत्रिक ह्यांच्या हवाली केलं, म्हणजे श्रद्धाळू वाचकाला ते अशक्य वाटणार नाही. आरिओस्तोचा मोकळा वारा तिथे नाही, हे माझं मत. पण तास्सोने पाहण्याच्या क्रियापदाला जी धार दिली ती आरिओस्तोतही क्वचित सापडते. बाराव्या सर्गात तांक्रेदी हा ख्रिस्ती वीर रात्रीच्या अंधारात एका अनोळखी योद्ध्याशी लढून त्याला प्राणांतिक जखमी करतो. मरताना तो योद्धा बाप्तिस्मा मागतो. तांक्रेदी ओढ्याचं पाणी शिरस्त्राणात आणतो, थरथरत्या हाताने चेहरा उघडा करतो. ती क्लोरिंदा आहे, जिच्यावर त्याचं प्रेम आहे. 'ला व्हीदे, ला कोनोब्बे': तिला पाहिलं, तिला ओळखलं, आणि आवाज गेला, हालचाल गेली. 'हाय ते दर्शन! हाय ती ओळख!' पाहिलं आणि ओळखलं ह्यांच्या मध्ये फक्त एक स्वल्पविराम आहे. मराठीत 'पाहून ओळखलं' असं जोडून टाकू नका. ती दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि त्या स्वल्पविरामात त्याला कळतं की मारणारा हात आपलाच आहे.

आता बोइआर्दो. स्कांदियानोचा हा सरदार आपलं काव्य सुरू करतो ते असं: सरदारहो, रम्य आणि नवं काही ऐकायला जमलात, शांत बसा, कान द्या, म्हणजे ओर्लांदोने प्रेमापायी केलेले अचाट पराक्रम तुम्ही पाहाल. ऐका, म्हणजे पाहाल. हा ह्या काव्यप्रकाराचा श्रोत्यांशी झालेला करार आहे, आणि पुढची सगळी 'पाहिलं'ची पुनरुक्ती त्या एका वचनातून निघते.

मग येतं 1494. फ्रान्सचा राजा आठवा शार्ल सैन्य घेऊन इटलीत उतरतो. बोइआर्दोची कथा त्या वेळी फिओर्देस्पीनापाशी आलेली आहे. तिने ब्रादामान्तेला पाहिलंय, पुरुष समजली आहे आणि प्रेमात पडली आहे. डोळ्याने केलेली चूक, ह्या काव्याच्या अगदी मधली. आणि तिथेच शेवटचं कडवं येतं: 'मी गातो आहे, हे तारणहारा, आणि पाहतो आहे सारी इटली ज्वाळांत, आगीत, ह्या फ्रेंचांपायी.' म्हणून, तो श्रोत्यांना म्हणतो, फिओर्देस्पीनाला तिच्या व्यर्थ प्रेमात हळूहळू जळत इथेच सोडतो. पुन्हा कधी, मुभा मिळाली तर, सगळं सविस्तर सांगेन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला.

माझ्या जुन्या मसुद्यात त्या ओळीत 'मला दिसते आहे' असं होतं. मराठी म्हणून ते अधिक सहज आहे, आणि समासात मी 'दि' लिहिलेलंही होतं. नंतर मी ते खोडलं. आग त्याच्या नजरेस नुसती पडली नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांना 'पाहा' म्हणणारा हा माणूस गाणं थांबवून, मान वळवून, स्वतः तिकडे बघत होता. तिथे आता 'पाहतो आहे' आहे.